जुनी वृत्तपत्रे, चर्चच्या नोंदवह्या आणि आयरिश पूर्वजांचा शोध

बंगळुरू शहराच्या पूर्वेस असलेले के. आर. पुरम आज मेट्रो, केबलच्या आधारावर उभा असलेला पूल आणि वाहनांची अखंड वर्दळ यांसाठी ओळखले जाते. मात्र ज्या लोहमार्गावर कृष्णराजपुरमचे स्थानक आहे, तो १८६४ मध्ये सुरू झाला. जोलारपेट्टई ते बंगळुरू छावणी हा मार्ग मद्रास रेल्वे कंपनीने बांधला आणि त्यानंतर या परिसराचे रूप पालटत गेले.

के. आर. पुरमपासून काही किलोमीटरवर व्हाइटफिल्ड आहे. आज ते संगणक उद्योगाचे केंद्र असले, तरी त्याची स्थापना १८८२ मध्ये वेगळ्याच हेतूने झाली होती. युरोपीय आणि भारतीय अशा संमिश्र वंशाच्या कुटुंबांना शेती करून स्वतःच्या पायावर उभे राहता यावे, यासाठी डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने ही वसाहत वसविण्यात आली. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी त्यासाठी सुमारे ३,९०० एकर जमीन दिली.

बंगळुरूच्या या पूर्व भागातील अनेक अँग्लो-इंडियन घरांत एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पणजोबांचे वडील आयर्लंडहून पलटणीत आले, येथेच त्यांनी लग्न केले आणि येथेच त्यांना मूठमाती मिळाली. आयर्लंडमधील कोणत्या गावाहून, कोणत्या वर्षी आणि कोणाशी लग्न केले, हे मात्र बहुधा कोणालाच सांगता येत नाही. या प्रश्नांची उत्तरे जुन्या कागदांत दडलेली आहेत. ती शोधण्याची एक ठरलेली रीत आहे आणि तिला काही मर्यादाही आहेत.

आयरिश माणूस येथे कसा आला?

आयर्लंड हा इंग्लंडच्या ताब्यातील गरीब मुलूख होता. शेतजमीन थोडी, कुटुंबे मोठी आणि जमीनदारांचा खंड भारी, अशा स्थितीत लष्करातील नोकरी हा अनेक तरुणांपुढील निश्चित उत्पन्नाचा मार्ग होता. ईस्ट इंडिया कंपनीने डब्लिन, कॉर्क अशा शहरांतून मोठ्या प्रमाणावर भरती केली. १८२५ ते १८५० या काळात कंपनीच्या बंगाल लष्करात भरती झालेल्या युरोपीय शिपायांपैकी जवळजवळ निम्मे आयरिश होते. १८४५ पासून पुढे काही वर्षे बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ झाला. त्यात सुमारे १० लाख लोक मृत्युमुखी पडले आणि जवळपास तितक्याच लोकांनी देश सोडला.

बंगळुरूची छावणी १८०९ च्या सुमारास उभी राहिली आणि दक्षिण भारतातील ब्रिटिश फौजेचे ते प्रमुख ठाणे बनले. शिपायांमागोमाग चर्च, शाळा, दुकाने आणि दफनभूमी आली. सेवा संपल्यावर काही जण मायदेशी परतले, तर काही जण रेल्वे, तारखाते, पोलीस आणि पुढे कोलारच्या सोन्याच्या खाणींत नोकरीस लागले.

महाराष्ट्राशीही या कथेचा जवळचा संबंध आहे. कंपनीच्या मुंबई इलाख्यातील युरोपीय पलटण पुढे 'बॉम्बे फ्युझिलियर्स' आणि मद्रास इलाख्यातील पलटण 'मद्रास फ्युझिलियर्स' म्हणून ओळखली गेली. १८८१ मध्ये या दोन्ही पलटणी एकत्र करून 'रॉयल डब्लिन फ्युझिलियर्स' ही आयरिश पलटण तयार करण्यात आली. त्यामुळे मुंबई, पुणे किंवा खडकी येथील एखाद्या शिपायाचा माग काढताना शोधकाला डब्लिनच्या पलटणीच्या इतिहासात शिरावे लागते.

मराठ्यांच्या चाकरीतही आयरिश माणसे होती. टिपरेरी परगण्यातील जॉर्ज थॉमस हा जहाजावरून पळून मद्रासला उतरला. बेगम समरूच्या आणि नंतर मराठा सरदार अप्पा खंडेराव यांच्या नोकरीत राहून त्याने पुढे हरियाणातील हांसी येथे काही काळ स्वतःचे राज्य चालविले आणि १८०२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. अशा माणसांच्या नोंदी इंग्रजी पलटणीच्या यादीत सापडत नाहीत. त्यांच्यासाठी मराठी, फारसी कागद आणि समकालीन चरित्रे पाहावी लागतात.

दोन्ही टोकांना शिरगणतीची पाने नाहीत

इंग्लंड किंवा अमेरिकेतील पूर्वजांचा शोध साधारणतः शिरगणतीच्या कागदांपासून सुरू होतो. घरोघरी जाऊन लिहिलेली नावे, वय, व्यवसाय आणि जन्मस्थान तेथे वाचता येते. भारतातील आयरिश कुटुंबाच्या बाबतीत हा मार्ग बहुतांशी बंद आहे.

भारतात १८८१ पासून नियमित शिरगणती होत असली, तरी घरोघरी भरलेली पत्रके आकडे काढून झाल्यावर जतन करण्यात आली नाहीत. एखाद्या जिल्ह्यात किती युरेशियन होते हे अहवालातून समजते. ते कोण होते हे समजत नाही.

आयर्लंडमध्ये अडचण वेगळी आहे. १८२१ ते १८५१ या काळातील चार शिरगणत्यांचे कागद डब्लिन येथील सार्वजनिक अभिलेखागारात ठेवले होते. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात या इमारतीत स्फोट होऊन आग लागली आणि शतकानुशतकांचे दप्तर भस्मसात झाले. १८६१ व १८७१ ची पत्रके सरकारनेच त्याआधी नष्ट केली होती. १८८१ व १८९१ ची पत्रके पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दीत गेली. परिणामी १९०१ आणि १९११ या दोन शिरगणत्या पूर्ण स्वरूपात उरल्या आणि त्या आज आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध करून दिल्या आहेत. परंतु १८४० मध्ये बंगळुरूला आलेला शिपाई १९०१ च्या कागदात कसा सापडणार?

म्हणूनच येथे जुनी वृत्तपत्रे, चर्चच्या वह्या आणि लष्करी कागद यांना असाधारण महत्त्व येते. जे शिरगणतीतून एका पानावर मिळाले असते, ते दहा ठिकाणच्या दहा ओळी जुळवून मिळवावे लागते.

शोधाची सुरुवात घरातून

या क्षेत्रातील जाणकार एक नियम आवर्जून सांगतात. शोध नेहमी आजपासून मागे न्यावा. आयर्लंडमध्ये आपल्या आडनावाचा एखादा नामवंत पुरुष शोधून तेथून खाली येण्याचा प्रयत्न केल्यास बहुधा दुसऱ्याच कुणाचे तरी पूर्वज हाती लागतात.

त्यामुळे पहिला टप्पा घरातील कागदांचा असतो. कौटुंबिक बायबलच्या कोऱ्या पानावर लिहिलेल्या जन्मतारखा, शाळेचे दाखले, रेल्वेच्या नोकरीचे कागद, निवृत्तिवेतनाची पुस्तिका, छायाचित्राच्या मागील मजकूर आणि थडग्यावरील लेख हे सर्व प्रथम उतरवून घ्यावे. वृद्ध नातलगांना तारखांपेक्षा स्थळे अधिक आठवतात. "आजोबा जोलारपेट्टईला असताना काकांचा जन्म झाला," एवढ्या वाक्यावरूनही कोणत्या चर्चची वही पाहावी हे ठरते.

रेल्वेतील कुटुंबांच्या बाबतीत कंपनीचे नावही नीट लिहून घ्यावे. मद्रास रेल्वे आणि सदर्न मराठा रेल्वे यांच्या विलीनीकरणातून १९०८ मध्ये 'मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे' ही कंपनी झाली. स्वातंत्र्यानंतर तिचा समावेश दक्षिण रेल्वेत करण्यात आला. एकाच माणसाच्या नोकरीचे कागद त्यामुळे तीन वेगवेगळ्या नावांखाली असू शकतात.

चर्चची वही आणि तिची प्रत

दुसरा टप्पा म्हणजे बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी. विवाहाची नोंद यांत सर्वाधिक बोलकी असते. वर आणि वधूचे वय, वराचा हुद्दा व पलटण, वधू कुमारिका की विधवा, साक्षीदारांची नावे आणि पुष्कळदा दोघांच्याही वडिलांची नावे त्यात मिळतात. दफनाच्या नोंदीत वय आणि मृत्यूचे कारण असते. पटकीच्या साथीत एकाच पानावर एकाच पलटणीतील ओळीने लिहिलेली नावे आढळतात. साक्षीदार हे बहुधा त्याच पलटणीतील सोबती किंवा नातलग असत, म्हणून त्यांची नावेही टिपून ठेवावीत.

येथे राज्यकारभाराची सीमा लक्षात घेणे आवश्यक आहे. बंगळुरू हे म्हैसूर संस्थानात होते. १८८१ मध्ये संस्थानाचा कारभार पुन्हा महाराजांकडे सोपविण्यात आला, तेव्हा छावणीचा भाग मात्र ब्रिटिशांनी आपल्याकडे ठेवला आणि तो १९४७ मध्येच संस्थानाला परत मिळाला. के. आर. पुरम आणि व्हाइटफिल्ड संस्थानी मुलखात, तर थोड्याच अंतरावरील छावणी ब्रिटिश अमलाखाली, अशी स्थिती होती. एकाच कुटुंबाच्या जमिनीचा कागद म्हैसूर सरकारच्या दप्तरात आणि लग्नाची नोंद मद्रासमध्ये असू शकते, ती यामुळे.

चर्चमधील नोंदींच्या प्रती इलाख्याच्या मुख्यालयी आणि तेथून लंडनला पाठविल्या जात. मद्रास इलाख्याच्या अशा प्रती १६९८ पासून, मुंबईच्या १७०९ पासून आणि बंगालच्या १७१३ पासून उपलब्ध आहेत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत त्या जतन करण्यात आल्या असून, २०१४ पासून त्यांतील मोठा भाग इंटरनेटवर शुल्क भरून पाहता येतो. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी' या संस्थेनेही स्वयंसेवकांच्या मदतीने तयार केलेली सूची विनामूल्य खुली केली आहे.

मात्र आयरिश कुटुंबांसाठी या प्रती पुरेशा नाहीत. बहुसंख्य आयरिश शिपाई रोमन कॅथलिक होते आणि सुरुवातीच्या काळात कॅथलिक चर्चच्या नोंदी या सरकारी व्यवस्थेत अपुऱ्याच उतरल्या. अशा वेळी मूळ चर्चची वहीच पाहावी लागते. बंगळुरूचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत १९४० मध्ये झाला. त्यापूर्वी हा भाग म्हैसूरच्या धर्मप्रांतात होता आणि तेथे पॅरिसच्या परदेशी धर्मप्रसार संस्थेचे फ्रेंच धर्मगुरू काम करीत. त्यांनी नोंदी लॅटिनमध्ये लिहिल्या. त्यामुळे जेम्सचा 'जाकोबुस', पॅट्रिकचा 'पात्रिसियुस' आणि ब्रिजेटची 'ब्रिगिदा' झालेली असते. हे ठाऊक नसल्यास समोर असलेली नोंदही ओळखता येत नाही.

वृत्तपत्रांतील चार ओळी

नोंदवही घटना सांगते. वृत्तपत्र त्या घटनेभोवतीची माणसे दाखविते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी वृत्तपत्रांत जन्म, विवाह आणि मृत्यू यांसाठी ठरावीक रकाना असे. मद्रासमधील 'मद्रास मेल' १८६८ मध्ये सुरू झाले. मुंबईत १८३८ मध्ये निघालेले 'बॉम्बे टाइम्स' हेच पुढे 'टाइम्स ऑफ इंडिया' झाले. भारतातील बातम्या विलायतेतील नातलगांना कळाव्यात यासाठी लंडनहून 'ॲलन्स इंडियन मेल' आणि 'होमवर्ड मेल' ही पत्रे निघत. इलाख्यांतील छोट्या गावांच्या वार्ताही त्यांत एकत्र मिळतात.

मृत्यूच्या सूचनेखाली कधी कधी एक छोटी विनंती छापलेली असते. आयरिश वृत्तपत्रांनी ही सूचना उद्धृत करावी, अशा अर्थाची ती ओळ असते. शोधकाच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. मृताचे आप्त त्या वेळी आयर्लंडमध्ये होते आणि त्यांच्याशी घराचा संबंध तुटलेला नव्हता, हे तिच्यावरून समजते. हीच सूचना काही आठवड्यांनी आयर्लंडमधील एखाद्या पत्रात छापली गेली असल्यास तेथे मृताच्या वडिलांचे नाव आणि गावही मिळण्याची शक्यता असते.

आयर्लंडमध्येही वृत्तपत्रांची परंपरा जुनी आहे. 'बेलफास्ट न्यूज लेटर' १७३७ पासून आणि डब्लिनचे 'फ्रीमन्स जर्नल' १७६३ पासून निघत होते. देशोधडीला लागलेल्या आयरिश लोकांनी एकमेकांना शोधण्यासाठीही वृत्तपत्राचाच आधार घेतला. अमेरिकेतील बोस्टन येथील 'पायलट' या पत्रात १८३१ ते १९२१ या काळात हरवलेल्या आप्तांच्या शोधाच्या जाहिराती नियमित येत आणि त्यांत मूळ गावाचा उल्लेख असे.

वृत्तपत्रांचा शोध केवळ जन्ममृत्यूच्या रकान्यापुरता ठेवू नये. मृत्युपत्र न करता वारलेल्या व्यक्तींच्या मालमत्तेच्या सूचना, लिलावाच्या जाहिराती, शाळांचे निकाल, बढत्या आणि बदल्या, क्रिकेटचे सामने, न्यायालयांतील खटले, या सर्वांत नावे येतात. साधा शिपाई मात्र या रकान्यांत क्वचितच दिसतो. जहाजाच्या उतारूंच्या यादीत साहेबांची नावे छापली जात आणि शिपायांचा फक्त आकडा दिला जाई.

आज ही पत्रे मोठ्या प्रमाणात संगणकावर आली आहेत. २०११ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश न्यूजपेपर अर्काइव्हमध्ये आयर्लंडमधील तसेच भारताशी संबंधित अनेक पत्रे शब्दानुसार शोधता येतात. परंतु यंत्राने वाचलेला मजकूर निर्दोष नसतो. पुसट छपाई आणि अठराव्या शतकातील लांब 'एस' हे अक्षर 'एफ' असे वाचले जाणे, यामुळे नावे बदलतात. आयरिश आडनावांत 'ओ' म्हणजे वंशज आणि 'मॅक' म्हणजे पुत्र. हे उपपद अनेक कारकुनांनी गाळून टाकलेले असते. म्हणून ओब्रायन हे नाव ब्रायन, ब्रायंट अशा रूपांतही शोधावे लागते. नाव सापडले नाही तर पलटण, गाव आणि तारीख घालून शोध घेणे अधिक फलदायी ठरते.

जुन्या छापील मजकुराने काय घडू शकते याचे एक उदाहरण बंगळुरूच्याच इतिहासात आहे. कोलार परिसरातील सोन्याविषयी जॉन वॉरेन या लष्करी अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अहवाल लिहिला होता. वॉरेन हा स्वतः फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्या आयरिश घराण्यातील होता. सुमारे ७० वर्षांनी बंगळुरूत राहणाऱ्या मायकेल फिट्झजेराल्ड लॅव्हेल या निवृत्त आयरिश सैनिकाच्या वाचनात तो मजकूर आला. लॅव्हेलने कोलारला जाऊन पाहणी केली आणि १८७० च्या दशकात खाणकामाचा परवाना मिळविला. त्यातूनच कोलारच्या आधुनिक खाणींचा आरंभ झाला. बंगळुरूतील लॅव्हेल रोड हा त्याच्या नावाने ओळखला जातो.

पलटणीचे कागद गाव सांगतात

भारतातील चर्चच्या वह्या आणि वृत्तपत्रे शोधकाला पलटणीपर्यंत आणून सोडतात. आयर्लंडमधील गाव बहुधा लष्करी कागदांतच मिळते. निवृत्तिवेतन मिळालेल्या शिपायाच्या सेवामुक्तीच्या पत्रावर त्याचे जन्मगाव, भरतीच्या वेळचे वय, पूर्वीचा व्यवसाय, उंची, केसांचा व डोळ्यांचा रंग लिहिलेला असतो. ज्याचे एकही छायाचित्र नाही अशा पूर्वजाचे रूप प्रथमच डोळ्यांसमोर उभे राहते ते या पत्रामुळे. ब्रिटिश राजाच्या पलटणींचे असे कागद लंडनजवळील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात, तर कंपनीच्या पलटणींचे भरतीपट आणि हजेरीपट ब्रिटिश लायब्ररीत आहेत. नोकरीत असतानाच मृत्यू आलेल्या शिपायाचे सेवामुक्तीचे पत्र नसते. त्याच्यासाठी हजेरीपटच पाहावे लागतात.

गाव समजले की आयर्लंडमधील कागद उघडतात. तेथे गावाहूनही लहान असा शिवाराचा विभाग असतो. त्याला 'टाउनलँड' म्हणतात आणि देशात असे सुमारे ६१ हजार विभाग आहेत. १८४७ ते १८६४ या काळात झालेल्या करआकारणीच्या पाहणीत प्रत्येक विभागातील जमीन कसणाऱ्यांची नावे आहेत. 'ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन' या नावाने ती प्रसिद्ध असून विनामूल्य पाहता येते. १८६४ पासून सर्व धर्मीयांच्या जन्म, विवाह व मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. त्याआधीच्या कॅथलिक चर्चच्या वह्या आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये इंटरनेटवर ठेवल्या. १९२२ च्या आगीत नष्ट झालेल्या कागदांच्या इतरत्र शिल्लक असलेल्या प्रती एकत्र करून जून २०२२ मध्ये एक आभासी अभिलेखागारही सुरू करण्यात आले आहे.

आईचे नाव कोठे आहे?

या सर्व कागदांतून पित्याची वाट बऱ्यापैकी स्पष्ट होत जाते. माता मात्र सापडत नाही. एकोणिसाव्या शतकातील जन्माच्या सूचनेत "बंगळुरू येथे अमुक सार्जंटच्या पत्नीस पुत्र झाला" एवढेच छापलेले असे. त्या वाक्यात आईचेही नाव नाही आणि बाळाचेही नाही.

आई भारतीय असल्यास हा पडदा अधिकच जाड होतो. कंपनीच्या सुरुवातीच्या काळात अशा विवाहांना उत्तेजन दिले जाई. १६८७ मध्ये कंपनीच्या संचालकांनी मद्रासला पत्र लिहून, शिपाई आणि स्थानिक स्त्री यांच्या अपत्याच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी मातेस एक पॅगोडा, म्हणजे दक्षिणेतील सोन्याचे नाणे, देण्याची सूचना केली होती. पुढे धोरण बदलले आणि या स्त्रियांची नोंद करण्याची निकडही उरली नाही. कित्येक नोंदींत फक्त 'स्थानिक स्त्री' असा उल्लेख आढळतो. विवाहापूर्वी बाप्तिस्मा झाला असल्यास तिचे नाव मेरी किंवा एलिझाबेथ झालेले असते आणि माहेरचे नाव, जात, भाषा व गाव यांपैकी काहीच उरत नाही.

तरीही शोध येथेच थांबवू नये. शिपायांच्या आणि अधिकाऱ्यांच्या मृत्युपत्रांत सोबतच्या स्त्रीसाठी ठेवलेल्या रकमेचा उल्लेख तिच्या मूळ नावासह आलेला असतो. तिच्या स्वतःच्या बाप्तिस्म्याची नोंद विवाहाच्या नोंदीच्या काही दिवस किंवा महिने आधी त्याच वहीत असू शकते. पिता वारल्यावर मुलांना अनाथालयात ठेवले गेले असल्यास तेथील प्रवेशाच्या नोंदी उपयोगी पडतात. मद्रासमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस लष्करी शिपायांच्या मुलामुलींसाठी अशी अनाथालये सुरू झाली होती.

डब्लिन किंवा टिपरेरीपर्यंत पोहोचल्याच्या आनंदात हा दुसरा शोध बहुधा मागे पडतो. कुटुंबाच्या वृक्षावर आयरिश पुरुषाच्या सात पिढ्या लिहिल्या जातात आणि त्याच्या शेजारची चौकट रिकामी राहते. वास्तविक के. आर. पुरममधील कुटुंबाचा या मातीशी असलेला संबंध त्या रिकाम्या चौकटीतूनच आलेला असतो.

कागदाला कायद्याचेही वजन

वंशाचा हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाही. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३६६ मध्ये अँग्लो-इंडियन या शब्दाची व्याख्या आहे आणि ती पित्याच्या किंवा पित्याकडील पुरुष पूर्वजाच्या युरोपीय वंशावर आधारलेली आहे. मातेचा वंश त्यात विचारात घेतलेला नाही. नोंदवह्यांनी जी बाजू जपली, तीच कायद्यानेही ग्राह्य धरली, असे म्हणता येईल. या समाजासाठी लोकसभा व विधानसभांत नामनिर्देशनाची असलेली तरतूद १०४ व्या घटनादुरुस्तीमुळे जानेवारी २०२० मध्ये संपुष्टात आली.

स्वातंत्र्यानंतर ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाकडे स्थलांतर करू पाहणाऱ्या अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबांना पूर्वजांचे जन्मस्थान दाखविणारे कागद शोधावे लागले होते. आयर्लंडच्या कायद्यानुसार ज्यांचे आजोबा किंवा आजी आयर्लंडमध्ये जन्मली, त्यांना नोंदणी करून तेथील नागरिकत्व मिळविता येते. परंतु दीडशे वर्षांपूर्वीचा पूर्वज केवळ आयरिश होता एवढ्यावर हा हक्क मिळत नाही. त्यामुळे नागरिकत्वाचे आमिष दाखवून वंशावळ तयार करून देणाऱ्यांपासून सावध राहणे हितावह आहे.

पुरावा कशाला म्हणावे?

केवळ आडनाव हा पुरावा नव्हे. धर्मांतराच्या वेळी धर्मपित्याचे, पालनकर्त्याचे किंवा सावत्र पित्याचे आडनाव घेतले गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. आयरिश नावाच्या पलटणीत इंग्रज असत आणि इंग्रज पलटणीत आयरिश. एकाच पलटणीत एकाच नावाचे दोन शिपाई असणेही नवलाचे नव्हते. शिपायाच्या मृत्यूनंतर विधवेने त्याच पलटणीत अल्पावधीत पुनर्विवाह केल्यास मुले सावत्र पित्याच्या नावाने नोंदली जात.

म्हणून प्रत्येक पिढी मागच्या पिढीशी किमान दोन स्वतंत्र कागदांनी जोडली गेली आहे की नाही, हे तपासावे. छापील सूची ही वाट दाखविते, मूळ पानाची प्रतिमा पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. जनुकीय चाचणीतून दूरचे नातलग सापडू शकतात, मात्र पूर्वजाचे नाव ती चाचणी सांगत नाही. त्यासाठी पुन्हा कागदाकडेच यावे लागते.

मराठी घरांसाठी परिचित वाट

ही सारी खटपट मराठी वाचकाला सर्वस्वी परकी वाटण्याचे कारण नाही. घराण्यांचे कुलवृत्तांत, तीर्थक्षेत्रांतील उपाध्यांच्या वह्या आणि पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी रुमाल ही आपल्याकडील साधने आहेत. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा शाळेच्या दाखल्यातील किंवा जन्ममृत्यूच्या वहीतील एका शब्दाचे मोल घरोघरी कळून आले.

बंगळुरूतील मराठी कुटुंबांचा प्रश्नही याच जातीचा आहे. १६३८ नंतर शहाजीराजांकडे बंगळुरूची जहागीर आली आणि त्यांच्याबरोबर, तसेच नंतरच्या काळातही, अनेक मराठी घराणी या भागात स्थिरावली. मूळ गाव साताऱ्याकडचे की पुण्याकडचे, हे त्यांतील कित्येकांना आज सांगता येत नाही. त्यांनाही घरातील कागदापासून, आजीच्या आठवणीपासूनच आरंभ करावा लागेल. आणि तेथेही पुरुषांची वंशावळ सलग मिळेल, सुनांची माहेरची नावे मात्र निराळी शोधावी लागतील.

घरातील वृद्धांकडे असलेली माहिती कोणत्याही अभिलेखागारात नाही. जुन्या वह्या आज ना उद्या संगणकावर येतील. ज्यांना पणजीचे खरे नाव आठवते, त्यांच्याकडून ते आजच लिहून घेणे अधिक निकडीचे आहे.